धूर नाकात, झळ काळजाला

छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेलं की पहिले चार प्रश्न ठरलेले असतात. शुगर आहे का? बीपीची गोळी चालू आहे का? तंबाखू, सिगरेट? घरात कुणाला हृदयविकार? चारही प्रश्न रास्त आहेत. पण घर हमरस्त्याला लागून आहे का, कामाची जागा भट्टीजवळ आहे का, स्वयंपाक कशावर होतो, हे प्रश्न खोकल्याच्या पेशंटच्या वाट्याला येतात. हृदयाच्या पेशंटच्या क्वचितच. धूर म्हटला की आपल्याला खोकला आठवतो, दमा आठवतो. हार्ट अटॅक आठवत नाही.

आकडे मात्र उलटं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये घराबाहेरच्या दूषित हवेमुळे जगात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली. त्यांतले ६८ टक्के मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघात या दोनच कारणांनी झाले. दीर्घकालीन श्वसनविकार, न्यूमोनियासारखे संसर्ग आणि फुप्फुसाचा कर्करोग हे तिन्ही मिळून उरलेल्या ३२ टक्क्यांत बसतात. म्हणजे हवा शिरते फुप्फुसात आणि दगा देतं हृदय किंवा मेंदूची रक्तवाहिनी. हे होतं कसं, याचं उत्तर गेल्या तीसेक वर्षांत बऱ्यापैकी उलगडलं आहे. कोल्हापुरात राहणाऱ्यांना ते समजून घेण्याचं खास कारणही आहे, कारण इथल्या हवेत काय मिसळतं ते आपल्या डोळ्यांसमोर घडत असतं.

कण किती बारीक?

हवेतले कण मोजण्याचं माप मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० म्हणतात आणि अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५. त्यातही ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान असे अतिसूक्ष्म कण असतात. 'पीएम २.५ इतके मायक्रोग्रॅम' असं आपण वाचतो, तेव्हा एक घनमीटर हवेत या कणांचं एकूण वजन किती, ते सांगितलेलं असतं.

वजन सारखं असलं तरी बारीक कण जास्त घातक का? गुळाचं उदाहरण घेऊ. पावशेर गुळाचा खडा कोमट पाण्यात टाकला तर विरघळायला बराच वेळ घेतो. तोच गूळ किसून टाकला तर बघता बघता विरघळतो. गूळ तेवढाच, पण किसल्यावर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. कणांचंही तसंच. दहा मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात अडीच मायक्रॉनचे ६४ कण बसतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग चौपट होतो. ०.१ मायक्रॉनचे कण घेतले तर त्याच वजनात दहा लाख कण मावतात आणि पृष्ठभाग शंभरपट होतो. शरीराच्या पेशींशी जी काही रासायनिक झटापट होते ती या पृष्ठभागावरच. धातूंचे अंश आणि अर्धवट जळालेल्या इंधनातली सेंद्रिय रसायनं तिथेच चिकटून बसलेली असतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. मोठे कण बहुधा घासण्यातून, दळण्यातून, उडण्यातून तयार होतात: रस्त्याची माती, खडीचा चुरा, बांधकामाची धूळ. बारीक कणांचा मोठा हिस्सा जळणातून येतो. काही कण चिमणीतून थेट बाहेर पडतात. काही मात्र वायूच्या रूपात निघतात आणि हवेत गेल्यावर कण बनतात: कोळसा-डिझेलच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड, वाहनांचे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि खत-शेणातून येणारा अमोनिया एकत्र येऊन सल्फेट-नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. डोळ्याला दिसते ती बहुतेक धूळ. हृदयाला ज्याची जास्त भीती आहे तो धूर, आणि तोही विरून दिसेनासा झालेला.

कोल्हापूरच्या हवेत हे येतं कुठून?

पहिला स्रोत वाहनं. तावडे हॉटेलपासून कावळा नाक्यापर्यंत, दाभोळकर कॉर्नरला किंवा गंगावेशीच्या अरुंद रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलं तर यावर वेगळं काही सांगावं लागत नाही. पुणे-बंगळूरचा महामार्ग शहराला खेटून जातो आणि त्यावर रात्रंदिवस अवजड डिझेल गाड्या असतात.

दुसरा स्रोत फाउंड्री. ऑईल इंजिनाच्या काळापासून उद्यमनगरात रुजलेला हा व्यवसाय पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींत पसरला. आज देशातल्या प्रमुख ओतकाम केंद्रांत कोल्हापूरचं नाव आहे. जुन्या कुपोला भट्टीत दगडी कोळशापासून बनवलेला कोक जाळून लोखंड वितळवतात, त्या धुरात कार्बनबरोबर धातूंचे सूक्ष्म कणही असतात. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत कोक जळत नाही. तरी तेलकट, रंग लागलेलं भंगार वितळताना, रस ओतताना आणि साचा फोडताना धूर-धूळ होतेच. साच्याच्या वाळूतली सिलिका कामगाराच्या फुप्फुसाचं वेगळं नुकसान करते.

तिसरा स्रोत ऊस. हंगाम सुरू झाला की करवीर, पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात. काहिलीतला रस आटवायला त्याच उसाचं वाळलेलं चिपाड जळतं. साखर कारखान्यांचे बॉयलरही बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावरच, चालतात. तोड झाल्यावर फडात उरलेला पाला काही ठिकाणी अजून पेटवून दिला जातो. त्याखेरीज कोपऱ्याकोपऱ्यावर जळणारा कचरा, खेड्यांतल्या चुली आणि दिवाळीचे फटाके आहेतच.

हे सगळं वर्षभर सारखं जाणवत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. हिवाळ्यात मात्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि तिच्या वर तुलनेने उबदार थर राहतो. खालची हवा वर चढत नाही, वाराही मंद असतो. त्यामुळे पंचगंगेच्या काठचा धूर पहाटे जमिनीलगतच साठून राहतो. ऊस गाळपाचा हंगाम आणि असे थंड, निवांत दिवस नेमके एकाच वेळी येतात.

नाकापासून वायुकोशापर्यंत

माणूस दिवसाला साधारण दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर येणारे मोठे कण नाकातल्या केसांत आणि ओलाव्यात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांच्या भिंतींना चिकटतात. तिथे चिकट स्राव असतो आणि त्याला सतत वर ढकलणारे सूक्ष्म रोम असतात. अडकलेला कण घशाशी येतो, आपण खाकरतो किंवा नकळत गिळून टाकतो. धुळीत काम केल्यावर काळा बेडका पडतो तो याच यंत्रणेमुळे. ती काम करते आहे याची ती खूण.

पीएम २.५ मधले बरेच कण या दोन्ही पहाऱ्यांतून निसटून श्वासनलिकांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांत पोचतात. हे कोट्यवधी फुगे पसरून ठेवले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. तिथे ना स्राव आहे ना रोम, कारण तिथली भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली आहे: हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर एक मायक्रॉनपेक्षाही कमी. ऑक्सिजन पलीकडे जायचा तर एवढं पातळपण हवंच.

हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुप्फुसांतून फिरवतं. म्हणजे शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला या पातळ भिंतीपाशी येऊन जातं. फुप्फुसात पडलेल्या कणाची बातमी हृदयाला लागणार नाही, हे शक्यच नसतं.

फुप्फुसातून हृदयाकडे जाणाऱ्या तीन वाटा

पहिली वाट सुजेची. वायुकोशात भक्षक पेशी असतात, बाहेरून आलेलं काहीही गिळायचं हे त्यांचं काम. जंतू गिळला तर त्या त्याला पचवतात. काजळी आणि धातू पचत नाहीत. मग या पेशी मदतीची हाक देणारी रसायनं सोडतात. ही रसायनं रक्तात उतरतात, यकृतापर्यंत जातात आणि यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, फायब्रिनोजेन असे पदार्थ वाढवतं. पहिला पदार्थ शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याची खूण. दुसरा रक्त गोठवण्याचा कच्चा माल. जंतुसंसर्गात ही तयारी आठवडाभर चालून शांत होते. रोज धूर घेणाऱ्या माणसात ती पूर्ण शांत होतच नाही.

दुसरी वाट मज्जातंतूंची, आणि ती सगळ्यांत वेगवान. श्वासनलिकांमध्ये त्रासदायक पदार्थ ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला इशारा देतात आणि मेंदू शरीराला सावध अवस्थेत नेतो. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे तंतोतंत नसतात, त्यांत थोडा लवचीकपणा असतो. सूक्ष्म कण वाढलेल्या दिवशी हा लवचीकपणा कमी झालेला अनेक पाहण्यांत आढळला आहे. ठोके बेताल होण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

तिसरी वाट थेट रक्तात जाण्याची. अतिसूक्ष्म कण वायुकोशाची भिंत ओलांडतात का, हा बराच काळ वादाचा मुद्दा होता. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्यासाठी सोनं वापरलं. सोनं निरुपद्रवी, शरीरात एरवी नसलेलं आणि अगदी थोडं असलं तरी सापडणारं. १४ निरोगी स्वयंसेवकांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून घेतले. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत दिसले, बहुतेकांच्या चोवीस तासांत. तीन महिन्यांनंतरही ते शरीरात होते. मानेची रक्तवाहिनी साफ करण्याची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा काही रुग्णांनाही हे कण दिले होते. शस्त्रक्रियेत निघालेल्या मेदाच्या थरात सोनं सापडलं. ज्या जागी आधीच सूज आहे, नेमके तिथेच कण जाऊन बसतात, असं यावरून दिसलं.

रक्तवाहिनीच्या आत काय घडतं

तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात: रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरापाशी. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं आहे, पण त्याच्याकडे कामं बरीच. रक्त गुठळ्या न होता वाहतं ठेवायचं, गरजेप्रमाणे नळी रुंदावायची, नको ते पदार्थ भिंतीत शिरू द्यायचे नाहीत. नळी रुंदावण्यासाठी ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. धुराने आणि सुजेने रक्तात ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात आणि ते या वायूला निकामी करतात. नळी मग हवी तेव्हा पुरेशी रुंदावत नाही.

हेच रेणू रक्तातल्या 'वाईट' कोलेस्टेरॉलवरही क्रिया करतात. असं बिघडलेलं कोलेस्टेरॉल शरीराला परकं वाटतं. भक्षक पेशी ते गिळतात, गिळून गिळून फुगतात आणि भिंतीतच अडकून पडतात. त्यांचा साठा म्हणजे मेदाचा थर, डॉक्टरांच्या भाषेत प्लाक. पुढे त्यात कॅल्शियम जमतं, भिंत टणक होते. बीपी, शुगर आणि तंबाखू याच ठिकाणी याच प्रकारे नुकसान करतात. म्हणून धूर हा त्यांच्यापेक्षा निराळा शत्रू नाही. तो त्यांच्याच टोळीतला आहे आणि त्यांच्या जोडीने जास्त जोर करतो.

अटॅक येतो तो बहुतेक वेळा नळी हळूहळू बुजून नाही. मेदाच्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्त गोठतं आणि काही मिनिटांत वाट बंद होते. धुराचं आणखी एक काम इथे दिसतं. रक्तातल्या बिंबिका जास्त चिकट होतात, गोठवणारा माल वाढलेला असतो आणि गुठळी विरघळवणारं अस्तराचं स्वतःचं औषध कमी पडतं. हे शेवटचं निरीक्षण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातलं. पूर्वी अटॅक येऊन गेलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या २० पुरुषांना एकदा गाळलेली हवा आणि एकदा विरळ केलेला डिझेलचा धूर, प्रत्येकी तासभर दिला. त्या वेळात ते थांबून थांबून व्यायामाची सायकल चालवत होते. धुराच्या दिवशी त्यांच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा जास्त ठळक उमटल्या आणि गुठळी विरघळवणाऱ्या पदार्थाचं स्रवणं सुमारे एक-तृतीयांशाने घटलं. त्यांच्यापैकी कुणालाही छातीत काही जाणवलं नव्हतं.

तासांचा घाव, वर्षांची झीज

वरच्या प्रक्रियांना दोन वेगवेगळे वेग आहेत. रक्तदाब, ठोके, गुठळी या गोष्टी तासा-दिवसांत बदलतात. जर्मनीत ऑग्सबर्ग भागात अटॅकमधून वाचलेल्यांना त्याआधीचे दिवस तासातासाने आठवायला सांगितले, तेव्हा रहदारीत घालवलेल्या वेळेनंतरच्या तासात धोका जवळजवळ तिप्पट दिसला. त्यात प्रवासाचा ताण आणि आवाज यांचाही हात असणार. अशा वेळी हवेचं काम काडी टाकण्याचं: आधीच नाजूक झालेला थर ती फोडते.

मेदाचा थर वाढणं हे मात्र वर्षांचं काम. अमेरिकेतल्या सहा ठिकाणच्या ६,७९५ माणसांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम दहा वर्षं स्कॅनवर मोजत गेले. सूक्ष्म कण जास्त असलेल्या वस्तीत ते जास्त वेगाने साठत होतं. हा निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आपल्याकडे हैदराबादच्या परिसरातल्या २८ गावांत मानेच्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजली गेली, तिथेही सूक्ष्म कण आणि जाडी यांचा संबंध दिसला. ती गावं होती, महानगर नव्हतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

'आपलं कोल्हापूर काय दिल्ली हाय व्हय?'

नाही. पण या प्रश्नात एक गृहीतक दडलं आहे: प्रदूषण निम्मं असेल तर नुकसानही निम्मंच असणार. हृदयाच्या बाबतीत हिशोब असा सरळ चालत नाही. कणांचं प्रमाण शून्यापासून वर जाताना धोका सुरुवातीला भराभर वाढतो आणि पुढे त्याचा चढ मंदावतो. सिगरेटचं उदाहरण सगळ्यांत स्पष्ट आहे. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या आढाव्यानुसार, दिवसाला वीस सिगरेटींमुळे हृदयविकाराचा जितका जादा धोका येतो, त्यातला जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकाच सिगरेटने येतो. म्हणून मध्यम प्रदूषणाच्या शहराला 'आपण बरे आहोत' म्हणून निवांत बसता येत नाही. त्याची दुसरी बाजूही आहे: मध्यम प्रदूषणाच्या शहरात थोडी सुधारणा झाली तरी पदरात बरंच पडतं.

मापदंडांकडे बघितलं तरी हे जाणवतं. २००९ च्या भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. 'मानकाच्या आत' याचा अर्थ 'हृदयाला निर्धोक' असा होत नाही.

एका माणसापुरता धोका मोठा नसतो, हेही खरं. २१ देशांतल्या दीड लाखाहून जास्त प्रौढांच्या 'प्युअर' या पाहणीत दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागे हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांत सुमारे ५ टक्के वाढ आढळली. सिगरेट ओढणाऱ्याचा धोका याहून कितीतरी जास्त. पण सिगरेट काहीजण ओढतात, हवा सगळेच घेतात: तान्हं मूल, गरोदर बाई, डायलिसिसवरचा पेशंट, कुपोलासमोर उभा असलेला कामगार. छोटा धोका लाखो माणसांवर पसरला की त्याची बेरीज मोठी होते. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मधल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतात १६.७ लाख मृत्यूंशी हवेचं प्रदूषण जोडलेलं होतं. त्यांतले सुमारे ६.१ लाख घरातल्या, म्हणजे मुख्यतः चुलीच्या धुराचे.

थोडक्यात

• सूक्ष्म कणांचा सर्वांत मोठा फटका फुप्फुसाला नव्हे, तर हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना बसतो.
• तीन वाटा: फुप्फुसातली सूज रक्तात उतरणं, मज्जातंतूंमार्फत रक्तदाब आणि ठोके बदलणं, अतिसूक्ष्म कण थेट रक्तात जाणं.
• परिणाम: नळी आकसते, मेदाचा थर वाढतो, रक्त लवकर गोठतं.
• काही परिणाम तासांत होतात, काही वर्षांनी दिसतात.
• मोठी धूळ घासण्यातून येते, हृदयाला बाधणारे बारीक कण मुख्यतः जळणातून.

कण कमी केले तर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजताही येतो. डिझेलच्या धुराचा वर सांगितलेला प्रयोग करणाऱ्या गटानेच २०११ मध्ये इंजिनाच्या धुराड्याला कण अडवणारा सापळा बसवला. वायू अडले नाहीत, कण जवळजवळ नाहीसे झाले. आणि रक्तवाहिन्यांवरचा, गुठळी होण्यावरचा दुष्परिणाम टळला. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांना असे सापळे बसू लागले. अर्थात रस्त्यावर जुन्या गाड्या अजून आहेतच.

बीजिंगमध्ये हृदयविकाराच्या ९८ रुग्णांना शहराच्या मध्यभागी दोन तास चालवलं, एक दिवस चांगला मास्क लावून, एक दिवस बिनमास्कचं. मास्कच्या दिवशी चालताना रक्तदाब कमी राहिला आणि ईसीजीवरचा ताणही कमी दिसला. मास्क मात्र एन-९५ प्रतीचा, नाकाला घट्ट बसणारा हवा. दुचाकीवर तोंडाला गुंडाळलेली ओढणी किंवा रुमाल उन्हाला आणि मोठ्या धुळीला ठीक. अडीच मायक्रॉनच्या कणाला त्यातून सहज वाट मिळते.

फिरायला जाणं सोडू नका. व्यायामाचा फायदा आपल्यासारख्या शहरातल्या हवेच्या तोट्यापेक्षा मोठा आहे. फक्त वेळ आणि जागा निवडा. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरात धावताना पन्नास लिटरच्या वर जातो. त्यामुळे हिवाळ्यात धुकं-धूर साचलेल्या पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर निघावं. महामार्गाच्या कडेने पळण्यापेक्षा रंकाळ्याचा काठ किंवा विद्यापीठाचा परिसर बरा. आधीच हृदयविकार असलेल्यांनी बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या न चुकता घेणं हेही हवेपासूनचं संरक्षणच आहे, कारण सगळे हल्ले त्या एकाच अस्तरावर होतात. घरात डासांची कॉइल आणि बंद खोलीतला धूप यांना आवर घालावा. चूल असेल तर धूर बाहेर जाईल अशी सोय हवी. गॅस परवडत असेल तर सगळ्यांत उत्तम. आणि छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम, धाप असं काही झालं तर 'पित्त असेल' म्हणत बसू नये, लगेच ईसीजी काढावा.

धूळ की धूर?

एकट्याने करता येण्यासारखं इथे संपतं. मास्क लावून कुणी आयुष्य काढत नाही, आणि उद्यमनगरात राहणाऱ्याला घर उचलून पन्हाळ्यावर नेता येत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. सलग पाच वर्षं हवेचं राष्ट्रीय मानक न गाठलेल्या शहरांच्या त्या यादीत कोल्हापूर आहे, शेजारचं सांगलीही आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड इथे हवा मोजली जाते. पण या कार्यक्रमाची प्रगती देशभर मुख्यतः पीएम १० वर तोलली गेली आणि निधीतला निम्म्याहून जास्त वाटा रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला: रस्ते करणं, झाडणं, पाणी मारणं. ही कामं निरर्थक नाहीत. धूळ कमी व्हायलाच हवी. पण पाणी मारल्याने डिझेलचा धूर बसत नाही, चुलवाणाचा बसत नाही आणि हवेत तयार होणारे सल्फेटचे कण तर नाहीच नाही. धुळीचा आकडा खाली येईल आणि रक्तवाहिन्यांना लागणारा धूर तसाच राहील, असं सहज घडू शकतं.

म्हणून महापालिकेला, लोकप्रतिनिधींना विचारायचे प्रश्न जळणाबद्दलचे असायला हवेत. पीएम २.५ चा आकडा रोज आणि वेगवेगळ्या भागांचा लोकांना दिसतो का? छोट्या फाउंड्रीला कुपोलावरून इंडक्शनवर जायला आणि धूर गाळणारी यंत्रणा बसवायला स्वस्त कर्ज मिळतं का? गुऱ्हाळघरांना कमी चिपाडात जास्त आच देणारं सुधारित चुलवाण बांधायला मदत होते का? पाला पेटवण्याऐवजी कुट्टी करून रानातच कुजवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती वेळेवर यंत्र येतं का? कचरा पेटला तर दंड कुणाला होतो? शाळा आणि इस्पितळांच्या दारातून अवजड वाहनं कधी हटणार?

या प्रश्नांची फाइल आज पर्यावरण विभागात असते. खरं तर ती आरोग्य खात्याच्या टेबलावरही हवी. मिठाचं प्रमाण, तंबाखूबंदी, मोफत बीपी तपासणी यांवर आपण हृदय वाचवण्याचे उपाय म्हणून पैसा खर्च करतो. एका भट्टीवर बसवलेली गाळणी त्याच यादीत बसते, आणि तिचा फायदा मिळायला कुणाला आपली सवय बदलावी लागत नाही.